राजवाडा, रेडिओ आणि तबकडी

हातात धरून या खोलीतून त्या खोलीत नेता येईल अशा एका पेटीत रेडिओ आणि सीडीचे यंत्र ही दोन्ही एकत्र नांदत असलेली गेल्या काही दशकांत पुष्कळ घरांनी पाहिली आहेत. वर धरावयास मूठ, मागे ओढून लांब करता येणारी आकाशतार, झाकणाखाली तबकडी ठेवण्याची जागा आणि पुढे एक लहानशी कळ, एवढाच तिचा थाट. कळ एका बाजूस सरकवली की नभोवाणीचा कार्यक्रम ऐकू येतो; दुसऱ्या बाजूस सरकवली की आतील तबकडी फिरू लागते. आता भ्रमणध्वनीने या पेटीची जागा बरीचशी घेतली असली, तरी अनेक घरांत देवघराशेजारच्या फळीवर ती अजूनही असते आणि पहाटेच्या वेळी तिच्यातून सूर निघतात.

घरातील एक साधी सोय म्हणून या पेटीकडे पाहिले जाते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु तिच्या त्या एका कळीच्या दोन बाजूंस ऐकण्याच्या दोन अगदी भिन्न रीती आहेत. रेडिओ लावणारा मनुष्य दुसऱ्याने ठरविलेल्या वेळी, दुसऱ्याने निवडलेले गाणे, अनोळखी असंख्य माणसांच्या बरोबरीने ऐकत असतो. तबकडी लावणारा स्वतःच्या वेळी, स्वतःच्या निवडीचे, बहुधा एकट्याने ऐकतो. पहिल्या रीतीत वाट पाहणे आहे, दुसरीत मालकी आहे. या दोहोंपैकी कोणती रीत संगीताला आणि भाषेला अधिक काळ जगवते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचे उत्तर शोधावयास महाराष्ट्रापासून फार दूरच्या, तरीही मराठी इतिहासाशी निगडित असलेल्या एका गावाचा वृत्तांत उपयोगी पडतो. ते गाव म्हणजे तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर.

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आठ-नऊ किलोमीटर गेले की हे गाव लागते. मरुद म्हणजे अर्जुनवृक्ष. श्रीशैलाचा मल्लिकार्जुन उत्तरेकडचा, तिरुप्पुडैमरुदूरचा दक्षिणेकडचा आणि या दोहोंच्या मधला तो मध्यार्जुन, अशी या क्षेत्राची ख्याती असून येथील महालिंगस्वामीचे देवालय चोळांच्या काळापासून प्रसिद्ध आहे. तंजावरच्या भोसले घराण्याच्या इतिहासात हे मध्यार्जुन एका विशेष कारणाने येते. १७८७ साली दुसरे तुळजाजी निवर्तले. त्यांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचे वय लहान होते आणि दत्तविधानाविषयी शास्त्रार्थाचा वाद उपस्थित झाल्याने तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर आले. अकरा वर्षांनी, १७९८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने तो निर्णय फिरविला. सरफोजी राजे झाले आणि अमरसिंहांस तनखा देऊन तिरुविडैमरुदूर येथे राहावयास पाठविण्यात आले. १८०२ मध्ये अमरसिंह वारले. त्यांचे पुत्र प्रतापसिंह तेथेच राहिले.

राज्य गेले, पण दरबार मोडला नाही. ज्यांच्या हाती कर वसूल करणे नाही, सैन्य नाही, न्यायनिवाडा नाही, त्यांच्यापाशी एक गोष्ट शिल्लक राहते. ती म्हणजे गुणिजनांना आश्रय देण्याची हौस. तंजावरच्या भोसल्यांना ती वंशपरंपरेने आलेली होती. शाहजी राजांनी नाटके आणि पदे रचिली. तिरुविडैमरुदूरपासून जवळच असलेले तिरुविसनल्लूर हे गाव त्यांनी विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. पहिल्या तुळजाजींनी ‘संगीतसारामृत’ हा संगीतशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. सरफोजींच्या पदरी तंजावरात पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा होता. या वातावरणातून आलेल्या घराण्याच्या धाकट्या शाखेने तिरुविडैमरुदूरच्या राजवाड्यातही गाण्याची बैठक चालू ठेवली, यात नवल नाही.

त्या राजवाड्याशी संबंधित असलेली दोन नावे तमिळ संगीताच्या इतिहासात पक्की बसली आहेत. एक घनम् कृष्णय्यर. घनमार्ग म्हणजे भरदार, खोल आवाजाने तान घेण्याची अत्यंत कष्टसाध्य पद्धती. ती त्यांनी बोब्बिलीच्या केशवय्या नामक गवयापासून आत्मसात केली आणि तीवरून ‘घनम्’ ही उपाधी त्यांच्या नावामागे कायमची लागली. दुसरे गोपालकृष्ण भारती. नंदनारचे चरित्र गीतबद्ध करून त्यांनी एका अस्पृश्य मानलेल्या शिवभक्ताची कथा तमिळ देशात घरोघरी पोचविली. या गोपालकृष्ण भारतींनी राजवाड्याच्या आश्रयास असलेल्या रामदास नावाच्या गवयाकडून हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतले होते. मराठी राजाच्या वाड्यात उत्तरेकडचा गवई आणि त्याच्यापाशी शिकणारा तमिळ कवी, असा हा त्रिवेणीसंगम होता. नंदनारचरित्रातील चालींकडे पाहताना या शिक्षणाची आठवण ठेवणे योग्य होय.

आता या गायनाचे आज काय उरले आहे, असा प्रश्न विचारून पाहावा. कृष्णय्यरांची पदे उरली आहेत, भारतींचे नंदनारचरित्र उरले आहे. परंतु कृष्णय्यरांचा आवाज, ज्याच्यासाठी त्यांची ख्याती होती तो घनमार्गाचा स्वर, कोणीही ऐकू शकत नाही. रामदासांच्या गळ्याची तर कल्पनाही करता येत नाही. तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसलेवंशाचा विस्तीर्ण मराठी लेख आहे. तिरुविडैमरुदूरच्या देवालयात राजघराण्यातील एका स्त्रीने प्रतापसिंहांशी विवाह व्हावा म्हणून केलेला लक्षदीपांचा नवस फेडल्याची, १८५३ सालची, हाती दिवा धरलेली पितळी दीपलक्ष्मी उभी आहे. कागदाने हिशेब राखले, दगडाने वंशावळ राखली, पितळेने नवस राखला. नाद राखील असे कोणतेही द्रव्य त्या काळी माणसाच्या हाती नव्हते. नाद राखण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे शिष्य.

या उपायाचा उत्तम दाखला तिरुविडैमरुदूरनेच दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी येथे सखारामराव नावाचे एक वादक राहत. नावावरूनच कळून येईल की ते तंजावरच्या मराठी समाजापैकी होते. त्यांचे वाद्य गोट्टुवाद्यम्. ते दिसावयास वीणेसारखे, पण त्याला पडदे नसतात. डाव्या हातात लाकडाचा गुळगुळीत दांडुका धरून तो तारांवरून घसरवीत नेतात आणि उजव्या हाताने तारा छेडतात. पडदाच नसल्यामुळे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाणारी वाट तुटत नाही. ती जणू गळ्यातून निघाल्यासारखी अखंड राहते. मात्र केसभर इकडे तिकडे झाले तरी सूर बेसूर होतो. अडगळीत पडू पाहणाऱ्या या वाद्याला सखारामरावांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे म्हैसूर दरबारात नाव मिळविलेले नारायण अय्यंगार त्यांच्याकडे शिकले; आणि त्यांच्याकडेच शेम्मंगुडीचा एक मुलगा गाणे शिकावयास येऊन राहिला. हा मुलगा म्हणजे कर्नाटक संगीतातील थोर गायक शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर. त्यांचा जन्म १९०८ सालचा. त्यांना इतरही गुरू लाभले. तथापि आरंभीच्या संस्कारक्षम वयात त्यांच्या कानावर पडले ते तिरुविडैमरुदूरच्या या मराठी वादकाचे पडदे नसलेले सूर. शेम्मंगुडींच्या गमकांनी भारलेल्या, स्वराला स्वर चिकटून येणाऱ्या गायकीकडे कान दिला, तर त्या वाद्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

शेम्मंगुडी गुरूगृही शिकण्याच्या वयाचे होण्यापूर्वीच हिंदुस्थानात नाद पकडणारे यंत्र येऊन पोचले होते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गैसबर्गने गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि तेथून पुढे ग्रामोफोनचा कर्णा शहराशहरांतून ऐकू येऊ लागला. दहा इंची ध्वनिमुद्रिकेची एक बाजू सुमारे तीन मिनिटे वाजे. रात्रभर राग आळवणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत सर्वस्व मांडावे लागे. हे बंधन काहींना जाचले, तर काहींनी त्याचे सोने केले. महाराष्ट्रात अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. तिरुविडैमरुदूरच्या पलीकडे असलेल्या तिरुवावडुदुरैच्या राजरत्नम् पिळ्ळै यांचा नागस्वरातील तोडी राग तबकडीवरून सबंध तमिळ देशात दुमदुमला. राजवाड्याच्या बैठकीत ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्या ओट्यापर्यंत गाणे प्रथम आले ते असे. ग्रामोफोन मात्र श्रीमंताघरचा. ज्याच्याकडे तो असे, त्याच्याकडे बाकीचे जात. म्हणजे राजवाड्याची जागा वाड्याने घेतली, एवढाच फरक झाला.

खरा पालट रेडिओने घडविला. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १६ मे १९३९ रोजी, तिरुचिरापल्लीचे. कावेरीच्या मुखाकडील प्रदेशास हे दुसरे केंद्र जवळचे. नागस्वराचे, वीणेचे, गाण्याचे जे कलावंत या नदीकाठच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते, त्यांना आपल्याच प्रांतात ध्वनिक्षेपकासमोर बसण्याची संधी मिळाली. पूर्वी राजाचा तनखा असे, मग जमीनदाराची बिदागी आली. आता सरकारी केंद्राचे मानधन सुरू झाले. आश्रयदाता बदलला आणि श्रोताही बदलला. एक राजा ऐकत असे तेथे आता कोण ऐकतो आहे हे गवयाला दिसेनासे झाले.

त्या वेळचा रेडिओ लावणे म्हणजे एक विधीच होता. छपरावर लांब तार ताणावी लागे, एक तार जमिनीत पुरावी लागे, आणि यंत्र ठेवल्याबद्दल दर वर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागे. कळ फिरविल्यावर आतील दिवे तापेपर्यंत काही क्षण गप्प बसावे लागे. तेवढ्यात घरची माणसे गोळा होत. पुढे ट्रान्झिस्टर आला, यंत्र हलके झाले, कोरड्या घटांवर चालू लागले आणि परवान्याची अटही काही काळाने गेली. कॅसेटचे यंत्र रेडिओशेजारी एकाच पेटीत आले, तेव्हा लोक त्यास ‘टू-इन-वन’ म्हणू लागले. ज्या पेटीपासून या विवेचनास आरंभ केला ती या टू-इन-वनचीच पुढची पिढी होय.

या पेटीतील रेडिओ नीट ऐकावयाचा तर तिचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. मध्यम लहरींसाठी आत फेराइटची एक आडवी कांडी असते. लहरी जिकडून येतात त्या दिशेला ही कांडी काटकोनात आली की आवाज ठणठणीत येतो. तिचे टोक त्या दिशेला वळले की तो क्षीण होतो. म्हणून आवाज खरखरला तर खुंटी पिळत बसण्याऐवजी पेटीच थोडी फिरवावी. तिरुविडैमरुदूरहून तिरुचिरापल्ली पश्चिमेला येते. तेव्हा तेथे मध्यम लहरींवर ते केंद्र लावणाऱ्याने पेटीचे तोंड किंवा पाठ पश्चिमेकडे करावयाची, ही साधी युक्ती होय. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून मध्यम लहरी परावृत्त होत असल्याने शेकडो मैलांवरची केंद्रेही ऐकू येतात. एफ. एम. चे तसे नाही. हिंदुस्थानात या पद्धतीचे पहिले ध्वनिक्षेपण २३ जुलै १९७७ रोजी मद्रासेस सुरू झाले. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यांच्यासाठी मागची आकाशतार पूर्ण ओढून उभी करावी लागते. आवाज स्वच्छ, पण टप्पा थोडा. दूरचे हवे असेल तर खरखर सोसावी, स्वच्छ हवे असेल तर जवळच्यावर समाधान मानावे, असा हा व्यवहार आहे.

यंत्राची कळ ज्याच्या हाती तो श्रोता दुबळा नसतो, हे रेडिओच्या इतिहासात लवकरच दिसून आले; आणि तो धडा देणाऱ्या प्रसंगात एक मराठी गृहस्थच मध्यभागी होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. जुने आश्रयदाते संस्थानिक गेले, आता अभिजात संगीताला राष्ट्रानेच आश्रय दिला पाहिजे, ही त्यांची धारणा. त्या धारणेतून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, रेडिओ संगीत संमेलने आली. ही देणगी मोठीच होय. पण त्याच भरात चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार करण्यात आले, तेव्हा श्रोत्यांनी तक्रार करीत न बसता खुंटी फिरविली आणि रेडिओ सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू करून श्रोत्याची आवड मान्य केली. राजाला न आवडलेले गाणे दरबारात बंद पडत असे. घरात मात्र मंत्र्याची आज्ञाही चालेनाशी झाली.

तथापि त्याच दशकात रेडिओने घराला कसे एकत्र बांधता येते याचाही दाखला मिळाला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’स आरंभ झाला. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर छप्पन गीते झाली. ठरलेल्या वेळी महाराष्ट्रातील घरे गाण्याच्या भोवती जमत. रेडिओला हार घालून आणि उदबत्ती लावून ऐकणारेही होते. एका गीतानंतर पुढच्या गीताची आठवडाभर वाट पाहावी लागे, आणि त्या आठवड्यात ऐकलेले गीत घरात गुणगुणले जाई. पाठांतर झाले ते या वाट पाहण्यामुळे. कावेरीकाठी अशीच गोष्ट तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेची. आकाशवाणी तेथील पंचरत्न कृतींचे समूहगान प्रत्यक्ष ध्वनिक्षेपित करू लागली आणि घरी बसलेल्या श्रोत्यांना त्या समुदायात आपला सूर मिसळणे शक्य झाले.

तिरुविडैमरुदूरच्या सखारामरावांचा शिष्य रेडिओपाशी येऊन पोचला तो याच काळात. १९५७ ते १९६० या वर्षांत शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर हे मद्रास केंद्रावर कर्नाटक संगीताचे प्रमुख निर्माते होते. राजवाड्याच्या गावात गुरूसमोर बसून शिकलेला मनुष्य आता लक्षावधी घरांनी काय ऐकावे याचा विचार करणाऱ्या आसनावर बसला. जुनी व्यवस्था आणि नवी व्यवस्था यांच्यामध्ये पूल असा बांधला गेला. यंत्राने परंपरेची जागा घेतली असे नव्हे. परंपरेत वाढलेल्या माणसाने यंत्र चालविले.

तंजावरकडील मराठी घरांना या रेडिओने काय दिले, हेही पाहिले पाहिजे. तिरुचिरापल्ली केंद्राची भाषा तमिळ. आणि ते उचितच होते. या घरांची मराठी, जी तीन शतकांच्या वास्तव्याने वेगळे वळण घेऊन बसली आहे, ती स्वयंपाकघरात, माजघरात आणि देवघरात बोलली जात राहिली. बाहेरचा सर्व व्यवहार तमिळमध्ये. रेडिओ घरात आला तेव्हा बाहेरची भाषा माजघरापर्यंत आली. परंतु तिच्याबरोबर एक जुनी ओळखही परत आली. तंजावरच्या मराठी मंडळींत कीर्तनाची परंपरा होती. मोरगावकर रामचंद्रबुवांसारखे कीर्तनकार तेथे येऊन कीर्तने करून गेले होते. ते रूप तंजावर कृष्ण भागवतरांनी (१८४१–१९०३) तमिळ हरिकथेत उतरविले आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी छंदांची घडण तमिळ कथेचा भाग झाली. तेव्हा हरिकथेच्या कार्यक्रमात शब्द तमिळ असले तरी मध्येच एखादी दिंडीची चाल येई, आणि ती ओळखणारे कान त्या घरात असत. भाषा परकी वाटली तरी चाल घरची होती. ही ओळख यंत्राने दिलेली नव्हती. ती आजीने, पणजीने आधीच कानात घालून ठेवलेली होती. यंत्राने फक्त तिला हाक मारली.

आता कळीची दुसरी बाजू. सीडी प्रथम जपानात १ ऑक्टोबर १९८२ रोजी विक्रीस आली आणि दोनच वर्षांत, १९८४ मध्ये, सोनीने हातात मावणारे यंत्र काढले. ही तबकडी बारा सेंटिमीटर व्यासाची. ग्रामोफोनच्या तीन मिनिटांच्या जागी चौऱ्याहत्तर मिनिटे. तिच्यात नाद खोबणीच्या रूपाने नसतो; एका सेकंदात ४४,१०० वेळा त्याचे मोजमाप करून ते आकडे सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने एका सर्पिल रेषेत मांडलेले असतात. ही रेषा उलगडली तर पाच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत येत असे. येथे लेसरचा अदृश्य किरण आतून बाहेर जातो. वाचनाचा वेग कायम राहावा म्हणून तबकडी आरंभी मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेते आणि कडेला येता येता दोनशेपर्यंत मंदावते. किरणाचा स्पर्श होत नसल्यामुळे वाजवून ती झिजत नाही.

झिजत नाही म्हणून तिची हेळसांड करावी असे मात्र नाही. तबकडी छापील बाजू वर करून ठेवावी आणि कडेला व मधल्या भोकाला धरूनच उचलावी. धूळ पुसावयाची झाल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. कारण रेषेला आडवा गेलेला चरा यंत्र आपल्या गणिताने भरून काढू शकते, पण रेषेच्या दिशेने गेलेला लांब चरा त्याला भरता येत नाही. चकाकणाऱ्या बाजूस जपावे असे सर्वांना वाटते. वस्तुतः छापील बाजूही तितकीच नाजूक असते, कारण प्रकाश परतविणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर तिच्या लगेच खाली असतो. वाजत असता पेटी हलवू नये. पुष्कळ दिवस वापरावयाची नसेल तर कोरडे घट काढून ठेवावे, नाहीतर ते पाझरून आतील पितळी पट्ट्या खातात. कावेरीच्या खोऱ्यासारख्या दमट हवेत ही खबरदारी अधिकच आवश्यक होय.

या तबकडीने श्रोत्याला मोठे दान दिले. शेम्मंगुडी २००३ साली निवर्तले. त्यांचे गाणे मात्र पाहिजे त्या वेळी ऐकता येते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आकाशवाणीने आपल्या संग्रहातील ध्वनिमुद्रणे ‘आकाशवाणी संगीत’ या नावाने सीडीवर आणली, तेव्हा एकदाच हवेत विरून गेलेली मैफल हाताशी आली आणि रेडिओच्या भांडारातील धन तबकडीच्या पेटीत येऊन पडले. घनम् कृष्णय्यरांच्या बाबतीत जे हरपले ते शेम्मंगुडींच्या बाबतीत हरपले नाही, हे यंत्राचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण एक प्रश्न राहतो. शेम्मंगुडींच्या गाण्यात सखारामराव आहेत हे तबकडी सांगत नाही. एखादे गमक कोणत्या वाद्यावरून गळ्यात आले, दिंडीची चाल तमिळ हरिकथेत कोठून आली, हे आकड्यांच्या त्या पाच किलोमीटरांत कोठेही नोंदलेले नसते. ते ऐकणाऱ्याच्या कानात असावे लागते. आणि कान तयार होतो तो वाट पाहून, पुन्हा पुन्हा म्हणून, घरातील वडीलधाऱ्याने ‘हे ऐक’ असे सांगितल्याने. पाहिजे तेव्हा ऐकता येते म्हणून कधीच न ऐकणे, हा मालकीचा शाप आहे. ग्रंथालयातील मोडी रुमालांचेही तेच झाले आहे: कागद सुरक्षित, पण मोडी वाचणारे विरळ. मोडी न वाचणाऱ्यापुढे रुमाल मुका असतो, तशीच न शिकलेल्या कानापुढे तबकडी मुकी असते.

तंजावरच्या मराठी मुलखाबाहेर पडून मुंबई, बंगळूर किंवा परदेशांत गेलेल्या मराठी घरांनाही हा धडा लागू आहे. या घरांतील मुले शाळेत एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि घरात तिसरी बोलतात. घरातली भाषा आणि घरातले गाणे कोणत्याही राजाच्या, मंत्र्याच्या वा कंपनीच्या आश्रयावर चालत नाही. ते घराच्या रोजच्या शिस्तीवर चालते. त्या शिस्तीस पेटीतील दोन्ही बाजू उपयोगी पडू शकतात. दिवसातील एखादी वेळ नेमून रेडिओ लावावा आणि जे लागेल ते सर्वांनी मिळून ऐकावे, म्हणजे आपल्या आवडीपलीकडचे कानावर पडते. आठवड्यातून एकदा एकच तबकडी लावावी, मध्येच न थांबविता शेवटपर्यंत ऐकावी, आणि ती संपल्यावर ज्याला ठाऊक असेल त्याने धाकट्यांना सांगावे की हा राग कोणता, ही चाल कोणाची, हे गाणारा कोणापाशी शिकला. तिरुविडैमरुदूरचा राजवाडा जे करू शकला, ते एवढेच होते. त्याने शिकविणारा आणि शिकणारा यांना काही काळ एका छपराखाली बसविले. ते छप्पर आज कोणत्याही घराला पुरविता येईल.